निवायला लागणारा वेळ

आमच्या फौंड्रीवाल्यांच्या दिवाळी अंकात मी गेली चार वर्षं प्रवासावर लिहितो आहे. निवृत्त माणसाकडे गाडी असते, वेळ असतो आणि प्रत्येक गोष्टीवर मत असतं, त्यामुळे संपादकांना माझा लेख मागावा लागत नाही, आवरावा लागतो. यंदाचा लेखही प्रवासाचाच आहे. उडुपीजवळ मालपे नावाचं बंदर आहे आणि त्याच्यासमोर समुद्रात सेंट मेरी नावाचं बेट आहे. तिथले दगडाचे खांब बघायला फेब्रुवारीत गेलो होतो, जाऊन-येऊन चार दिवस. ज्यांनी ते पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी सगळं सांगणारच आहे. पण या खेपेला लेख लिही असं संपादकांनी सांगितलेलं नाही, माझ्याबरोबर आलेल्या माणसानं सांगितलं आहे.

तो माणूस म्हणजे दस्तगीरभाई. शिरोलीच्या ज्या फौंड्रीत मी सुपरवायझर होतो तिथले ते मुख्य मोल्डर. हा अंक घरची मंडळीही वाचतात म्हणून थोडं फोड करून सांगतो. मोल्डर म्हणजे लाकडी नमुन्याभोवती वाळू ठोकून साचा करणारा. कास्टिंगला, म्हणजे ओतीव वस्तूला, आतून पोकळी हवी असेल तिथं वाळूचाच गाभा बसवतात, त्याला कोअर म्हणतात. दोन्हींच्या मध्ये वितळलेलं लोखंड ओतायचं, ते निवू द्यायचं आणि मग साचा फोडायचा. दस्तगीरभाई लोखंड ओतून झालं की साच्याच्या पेटीवर खडूनं आपली खूण करायचे, एक गोल आणि त्यात आडवी रेघ. शेजारी कुठल्या वारी फोडायचा तो वार लिहायचे. त्यांच्या खडूला मालकसुद्धा हात लावत नसत.

जानेवारीत एका जुन्या सोबत्याच्या मुलीच्या लग्नात ते भेटले. आता ते जयसिंगपूरला मुलाकडे असतात, वय सत्तरीच्या पुढं. पंगतीतून उठल्यावर त्यांनी नातीचा मोबाइल माझ्यापुढं धरला. फोटोत सहा बाजूंचे खांब एकाला एक चिकटून उभे होते.

"सायेब, ह्ये कुणी वतलंय?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, चला, बघून येऊ. इतक्या चटकन म्हणालो की त्यांनाच आश्चर्य वाटलं. मला त्यांच्याशी एकांतात बोलायचं होतं आणि एकोणीस वर्षं ते जमलं नव्हतं.

निपाणी ते अंकोला

पहाटेच निघालो. दस्तगीरभाईंनी बरोबर भाकऱ्या, दह्याचा डबा आणि एक बरणीभर चटणी घेतली होती. कर्नाटकात माणसं जेवतात की नाही याची त्यांना शंका होती. निपाणीला चहा झाला, बेळगाव मागं पडलं, आणि थोड्या वेळानं ते म्हणाले की रस्त्याकडेचा दगड बदलला. मी बघितलं तर खरंच. पन्हाळ्यापासून आपल्या पायाखाली असलेला काळा दगड संपला होता आणि तांबडी-पिवळी, जुनाट दिसणारी जमीन लागली होती. माझ्या आधी त्यांना ते दिसलं याचं मला नवल वाटलं नाही.

यल्लापूरच्या पुढं अरबैलच्या घाटात टायर पंक्चर झालं. स्टेपनी काढली तर तीही बसलेली. निघताना हवा बघायची असते हे मी दर लेखात तुम्हाला सांगत आलो आहे. दोन तास घाटात बसलो. दस्तगीरभाई झाडाखाली भाकरीचं फडकं सोडून बसले, मला अर्धी दिली, आणि मला वाटलं, आता सांगावं.

काय सांगायचं होतं ते वाचकांनाही इथंच कळू दे. एका मोठ्या यंत्राच्या पायाचं कास्टिंग होतं. मंगळवारी संध्याकाळी पाचला ओतलं. दस्तगीरभाईंनी पेटीवर खूण केली, 'शुक्रवार' लिहिलं आणि भाचीच्या लग्नाला विट्याला गेले. गुरुवारी सकाळी गिऱ्हाइकाची लॉरी दारात येऊन उभी राहिली. मी दोन कंत्राटी माणसांना बोलावलं आणि साचा फोडायला लावला. जाड कास्टिंग उघड्यावर आलं की पातळ भाग भराभर निवतो, जाड भाग आत धगधगत राहतो आणि त्यांची ओढाताण लोखंडात अडकून बसते. दिसायला माल छान दिसत होता. गिऱ्हाइकाकडे मशीनवर चढवला आणि पहिल्याच फेरीला आरपार तडा गेला.

माल परत आला. मालकांनी कारण लिहून मागितलं. कोअर घट्ट ठोकला गेला तर लोखंडाला आकसायला वाव मिळत नाही आणि त्यानंही असाच तडा जातो. मी तेच लिहिलं: 'कोअर प्रमाणापेक्षा घट्ट ठोकल्यामुळे.' दस्तगीरभाईंना मोल्डिंगवरून काढून घासकामाला, म्हणजे तयार मालाच्या कडा घासायला, बसवलं. सहा महिन्यांत ते सोडून गेले. मला पुढं मॅनेजर केलं.

घाटात हे सांगण्यासाठी मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात एक ट्रकवाला थांबला. त्यानं त्याचा जॅक काढला, स्टेपनी घाटाखालच्या दुकानात घेऊन गेला, हवा भरून परत आणून दिली. मी त्याचे इतके आभार मानले की तो बावरला. माझी सुटका झाली होती ते त्याला कुठं माहीत होतं.

उडुपी

रात्री अंकोल्याला राहून दुसऱ्या दिवशी डाव्या हाताला डोंगर आणि उजव्या हाताला समुद्र धरून दुपारी उडुपीला पोचलो. सांबार गोड लागलं. दस्तगीरभाईंनी वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, आमचाच गूळ नेऊन आम्हालाच खायला घालतात. बरणी बाहेर आली. वाढप्यानं चटणीचा वास घेतला, बोट लावून चाखली आणि आत जाऊन आणखी दोघांना घेऊन आला. तिघांचेही डोळे पाण्यानं भरले, पण एकानं पुन्हा मागितली. आपल्याकडे पाहुण्याला आग्रह करून करून बेजार करतात. तिथं न विचारता वाढतात आणि न विचारता ताट उचलतात. दस्तगीरभाईंना ते कोरडं वाटलं, मला बरं वाटलं.

संध्याकाळी मालपेच्या वाळूवर ते बराच वेळ उभे होते. आयुष्यात समुद्र पहिल्यांदा बघत होते.  चिमूटभर वाळू उचलून बोटांत चोळली आणि ही साच्याला चालणार नाही, गोल दाण्याची आहे, एवढंच म्हणाले.

बेट

बेटावर जायला मोटारबोट असते. आमच्या बोटीत बेळगावच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या बाई होत्या, बरोबर अकरा विद्यार्थी. मूळच्या निपाणीकडच्या. दस्तगीरभाई नावाड्याशी मराठीतच मोठ्यानं बोलत होते, ते ऐकून त्यांनी विचारलं, "पावणं, कोल्हापूरकडचं का?" नाव गीता. सगळे त्यांना मॅडम म्हणत होते, आम्हीही म्हणू लागलो.

बोट किनाऱ्याला टेकत नाही, गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं. कोल्हापुरी चपलेला खारं पाणी लागलं की कातडं आखडतं, म्हणून दस्तगीरभाईंनी चपला काढून छातीशी धरल्या आणि तान्हं मूल न्यावं तशा किनाऱ्यावर नेल्या. विद्यार्थी हसले, तेही हसले.

बेट लहानसं. नारळाची झाडं आणि वाळूच्या जागी शिंपल्यांचा चुरा, चालताना पायाखाली करकरतो. कडेला ते खांब. काही माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंच, काही मोडून पायऱ्यांसारखे पसरलेले. कुणाला पाच बाजू, कुणाला सहा, मधूनच सात. कोरडे असले की राखी-तपकिरी, लाट येऊन गेली की काळे. फोटोत ते सुंदर दिसतात. समोर उभं राहिल्यावर जरा दडपण येतं, कारण इतकं नेमकं काम करून कारागीर कुठं गेला हे कळत नाही. दस्तगीरभाईंनी एक गोटा उचलला, खांबाला कान लावला आणि गोट्यानं हलकेच ठोकलं. कास्टिंगचा आवाज असाच घेतात. निर्दोष माल घंटेसारखा वाजतो, तडकलेला बद्द वाजतो.

मॅडम विद्यार्थ्यांना सांगत होत्या, आम्हीही मागं उभे राहिलो. आठ-नऊ कोटी वर्षांपूर्वी भारत आणि मादागास्कर ही एकच जमीन होती. ती ताणली गेली, फाटू लागली, आणि फाटीतून दगडाचा रस वर येऊन इथं पसरला. निवताना तो आकसला आणि त्याला तडे गेले. दस्तगीरभाई मध्येच म्हणाले की आकसायला जाणार कुठं, चारी बाजूंनी तोच माल, म्हणून मधी मधी फाटलं. मॅडमनी त्यांच्याकडे वळून बघितलं आणि विद्यार्थ्यांना म्हणाल्या, "हे लिहून घ्या की."

मग त्यांनी विचारलं की दोन जमिनी लांब गेल्या, तर मध्ये काय आलं? समुद्र, असं सगळी पोरं एका सुरात म्हणाली. त्या म्हणाल्या, पाणी वरचं झालं, त्याच्या खालचा तळ कुठून आला?  समुद्र सगळ्यात जुना आणि जमीन त्यातून नंतर वर आलेली, असंच मला शाळेपासून वाटत होतं. मॅडम म्हणाल्या की उलट आहे. समुद्राच्या तळाशी मधोमध डोंगरांची लांबच लांब रांग आहे आणि तिच्या माथ्याला भेग आहे. जमिनी दोन्हीकडे सरकतात तशी भेग उघडते, खालून रस येतो, पाण्यात थिजतो आणि तोच नवा तळ होतो. मग पुन्हा उघडते, पुन्हा रस, आणि आधीचा दोन्ही अंगांना सरकतो. आपल्या समुद्रात वर्षाला बोटभर. आम्ही परवा ज्या धारवाडवरून आलो तिथले दगड शेकडो कोटी वर्षांचे, आणि समुद्राचा तळ कुठंही खणला तरी वीस कोटींच्या आसपासच थांबतो. आपला कोल्हापूरचा काळा दगडही या खांबांच्या नंतरचा.

दस्तगीरभाईंनी विचारलं, लोखंड ओतायच्या भांड्यातल्या, लॅडलमधल्या, रसावर साय धरते आणि ती सरकते, तसं का? मॅडम म्हणाल्या, दिसायला तसंच, पण खाली पातळ रस नाही, दगडच आहे. तापून इतका मऊ झालेला की हळूहळू वाहतो. वरच्या कवचाचे मोठमोठे तुकडे आहेत, आपण अशाच एका तुकड्यावर बसून सरकतोय. भेगेपासून लांब गेलेला तळ निवत जातो, जड होतो, खोल बसतो, आणि कुठंतरी दुसऱ्या तुकड्याखाली शिरून परत पृथ्वीच्या पोटात जातो.

"म्हंजे भंगार परत भट्टीत," दस्तगीरभाई म्हणाले.

"तसंच म्हणा," मॅडम म्हणाल्या.

एका मुलीनं विचारलं की तळ सरकतो हे कळलं कसं, तिथं कोण बघायला गेलं होतं. त्यावर मॅडमनी सांगितलेलं माझ्या डोक्यातून अजून जात नाही. दगडाच्या रसात लोखंडाचे बारीक कण असतात. तापलेले असताना त्यांना चुंबक ओळखत नाही, हे तर आम्हाला रोजचंच, लालबुंद लोखंडाला चुंबक चिकटत नाही. निवता निवता एका क्षणी ते त्या वेळच्या उत्तरेकडे वळतात आणि तसेच कायम राहतात. पृथ्वीची चुंबकी उत्तर आजवर अनेकदा उलटली आहे. त्यामुळे तळावर उलट-सुलट पट्टे उमटलेत, आणि भेगेच्या या बाजूला जसे, त्या बाजूला तसेच. जहाजांनी वरून मोजत जाऊन ते वाचले. दगड कधी निवला ते दगडातच राहिलं होतं, कोणी विचारेपर्यंत.

मंडळी बेटाच्या दुसऱ्या टोकाला गेली. आम्ही दोघंच राहिलो. दस्तगीरभाई खांबाच्या तड्यात करंगळी घालून बघत होते.

"सायेब," ते म्हणाले, "हितं कोअर न्हाय, ठोकणारा न्हाय, तरी तडा हाय. एकोणीस वर्सं मी धरून बसलोय की माझा हात जड झाला. मनगट किती पडतंय ह्येचा अंदाज गेला. ते यंत्राचं कास्टिंग आठवतंय न्हवं? त्ये बी माझ्या ठोकण्यानं न्हाय, असंच फाटलं असंल का? तुम्ही हुता की तिथं. सांगा."

त्यांच्या आवाजात संशय नव्हता. कामगार सुपरवायझरला विचारतो तसं विचारत होते. संशय असता तर मला सोपं गेलं असतं. 

"साचा शुक्रवारी फोडला नव्हता," मी म्हणालो. "गुरुवारी फोडला. मीच फोडायला लावला."

त्यांनी तड्यातली करंगळी काढली. मग विचारलं, "गुरुवारी किती वाजता?"

"दहाच्या सुमारास. सकाळी."

अंगठ्यानं बोटांची पेरं मोजत त्यांनी हिशेब केला. "एकेचाळीस तास," ते म्हणाले. "मी बाहत्तर धरलतं."

लॉरी थांबली होती, असं काहीतरी मी पुटपुटलो. त्यांनी ते ऐकलं की नाही माहीत नाही. हातातला गोटा त्यांनी जिथून उचलला होता तिथं, त्याच खळगीत, परत ठेवला. मग वळून बोटीच्या दिशेनं चालू लागले. पाण्याशी आले तरी थांबले नाहीत. चपला पायातच होत्या, तसेच गुडघाभर पाण्यात शिरले आणि बोटीत जाऊन बसले. येताना ते माझ्या शेजारी होते, जाताना मॅडमच्या विद्यार्थ्यांत बसले.

परत

येताना मुक्काम केला नाही. दिवस उजाडताना उडुपी सोडलं आणि अख्खा दिवस गाडीत आमच्यात एक शब्द झाला नाही. मागच्या सीटवर चपला वाळत पडल्या होत्या आणि खाऱ्या पाण्यानं वेड्यावाकड्या आखडल्या होत्या. हुबळीला जेवायला थांबलो तर ते गाडीतून उतरले नाहीत. मी एकट्यानं दोन घास खाल्ले. लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर हलकंही वाटत होतं, आणि हलकं वाटतंय याची वेगळी लाज वाटत होती.

संध्याकाळी निपाणीला, जाताना जिथं चहा घेतला तिथंच, ते स्वतः उतरले. दोन चहा सांगितले. कप अर्धा झाल्यावर बोलले.

"आमचा पोरगा इर्शाद माझ्याकडं शिकत हुता. चांगला हात हुता पोराचा. त्येला मीच म्हनलो, माझ्याकडनं शिकू नगंस, माझा हात गेलाय. आज मोबाइल दुरुस्त करत बसलाय."

मी माफी मागायला लागलो. त्यांनी हात वर करून थांबवलं.

"माफी घिऊन मी काय करू? तुम्ही दर वर्साला लिवता, शिरोलीत समदी वाचत्यात. ह्ये लिवा. म्याडमनं सांगिटलं ते बी लिवा, आनि ह्ये बी. माझा हात चांगला हुता, एवढं लोकास्नी कळलं पायजे. मग बगू."

मी लिहितो म्हणालो.

जयसिंगपूर

लेख लिहून झाल्यावर संपादकांकडे पाठवण्याआधी मी तो जयसिंगपूरला नेला. इर्शादचं दुकान छोटं आहे, काचेच्या कपाटात मोबाइलची कव्हरं, टेबलावर दिवा आणि बारीक स्क्रूड्रायव्हर. दस्तगीरभाई स्टुलावर बसले होते. त्यांना डोळ्यांनी वाचायला त्रास होतो म्हणून इर्शादनं मोठ्यानं वाचलं. मला कुणी बस म्हणालं नाही, मी उभाच होतो.

गोड सांबाराच्या जागी दस्तगीरभाई हलकेच हसले. बेटाच्या भागाला मान डोलावत होते. त्या हिशेबाच्या जागी मी 'जवळजवळ चाळीस तास' असं लिहिलं होतं. तिथं त्यांनी मुलाला थांबवलं आणि एकेचाळीस कर म्हणाले. इर्शादनं पेननं दुरुस्त केलं. निपाणीच्या चहापाशी आल्यावर मात्र इर्शादचा आवाज थांबला. 'माझ्याकडनं शिकू नगंस' ही ओळ त्यानं मनातच वाचली असावी. कागद बापाच्या मांडीवर ठेवून तो वळला, टेबलावरचा उघडा मोबाइल उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"तेव्हा मला वाटलं, मलाच जमत नव्हतं," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

 दस्तगीरभाईंनी कागदांची घडी घालून माझ्या हातात दिली आणि शेवट नीट करा म्हणाले, गोल गोल नको, रिपोर्टात लिहिलं होतं तसं सरळ लिहा. ते मी इथं करतो आहे. ज्यांनी तो जुना रिपोर्ट वाचला असेल त्यांनी त्याच्या जागी हा धरावा.

कास्टिंग मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता ओतलं. पेटीवर शुक्रवार लिहिलेला होता. साचा गुरुवारी सकाळी दहा वाजता, एकेचाळीस तासांनी, माझ्या सांगण्यावरून फोडला. कोअर दस्तगीरभाईंनी ठोकला होता, आणि तो पाहिजे तेवढाच ठोकला होता.